एकाच लोलकाचे तीन ‘जी’

एका कनिष्ठ महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या मॅडमनी अकरावीच्या तीन प्रात्यक्षिक वह्यांचे फोटो पाठवले. प्रयोग साध्या लोलकाचा, पण पडद्यावरचा. दोऱ्याची लांबी १ मीटर, सुरुवातीचा कोन ५ अंश. १० आंदोलनांचा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण, म्हणजे ‘जी’, काढायचं. एका वहीत उत्तर आलं होतं १४.१, दुसऱ्या वहीत ८१ आणि तिसऱ्या वहीत ३.५. आकडेमोड तिन्हीकडे बरोबर. खाली मॅडमचा निरोप होता: “सर, मुलांचं मोजणं चुकलेलं नाही. मी शेजारी उभी राहून मोजलंय. तेवढा प्रोग्रॅम बघता का?”

हा लोलक मुळात जावा ॲप्लेट होता, म्हणजे वेबपानात चालणारा जावा भाषेतला छोटा प्रोग्रॅम. महाविद्यालयाच्या पानावर तो बरीच वर्षं चालला. पुढे ब्राउझरांनीच पाठिंबा काढून घेतला. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोम ४५ आलं तेव्हा असे प्रोग्रॅम चालवणारी जुनी प्लग-इन व्यवस्था पूर्ण गेली, मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स ५२ ने तेच केलं आणि लोलकाच्या जागी नुसता राखाडी चौकोन उरला. मग कोणीतरी तो ब्राउझरमध्ये थेट चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत, कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्राच्या चौकटीवर, उतरवून दिला. दिसायला नवा लोलक हुबेहूब जुन्यासारखा होता, पण उत्तरं अशी येत होती.

तीन वेगवेगळे चुकीचे आकडे मिळणं एका दृष्टीने चांगलंच असतं, कारण त्यांच्या प्रमाणात कारण सापडतं. ‘जी’ निघतं आवर्तकालाच्या, म्हणजे एका आंदोलनाच्या वेळेच्या, वर्गाने भागून, म्हणून आधी प्रत्येक उत्तराला ९.८ ने भागून वर्गमूळ काढलं. १४.१ चं आलं १.२, ८१ चं साधारण २.८८, ३.५ चं ०.६. पडद्यावरचा काळ खऱ्या काळाच्या अनुक्रमे १.२ पट, २.८८ पट आणि ०.६ पट वेगाने धावत होता. या तिन्ही आकड्यांना ०.०२ ने भागलं की ६०, १४४ आणि ३० मिळतात. पडदे दर सेकंदाला किती वेळा ताजे होतात त्याचेच हे आकडे. मॅडमना विचारलं तर पहिलं यंत्र लॅबमधला साधा संगणक निघालं, दुसरं एका मुलाचा गेमिंग लॅपटॉप आणि तिसरं एका मुलीचा आयफोन, त्यावर बॅटरी वाचवायचा मोड चालू. त्या मोडमध्ये सफारी ब्राउझर ॲनिमेशनच्या फ्रेम, म्हणजे एकामागून एक येणारी चित्रं, सेकंदाला ३० वर आणतो. (३.५ हे मंगळाच्या ‘जी’च्या, ३.७ च्या, अगदी जवळ जातं. असा योगायोग दिशाभूल करू शकतो. कोणीतरी ग्रह बदलायची यादी जोडली असेल अशी शंका मला आधी आली होती.)

कोड उघडण्याआधीच निदान झालं होतं. फ्रेममागे एक पायरी पुढे जायचं आणि त्या पायरीत ०.०२ सेकंद गेले असं धरायचं, असं काहीतरी आत असणार. उघडल्यावर तसंच दिसलं. रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम म्हणजे दर फ्रेमला प्रोग्रॅमला हाक देणारी ब्राउझरची सोय. तिच्या प्रत्येक हाकेला कोन आणि कोनीय वेग ०.०२ सेकंदांनी पुढे सरकत होते.

पण मूळ ॲप्लेटमध्येही पायरी ०.०२ चीच असेल, मग तिथे वर्षानुवर्षं ९.८ कसं येत होतं? दुरुस्ती ठरवायची तर याचं उत्तर हवं होतं. मूळ सोर्स, म्हणजे लिहिलेला कोड, कोणाकडे नव्हता. पानावरच्या फोल्डरात जार फाइल मात्र होती, आणि जार म्हणजे झिपच, सरळ उलगडते. आतल्या क्लास फाइलच्या (कंपाइल केलेल्या जावा कोडच्या) सातव्या-आठव्या बाइटमध्ये आवृत्तीचा क्रमांक असतो. तो ४८ होता, म्हणजे जावा १.४ चं, २००२ नंतरचं काम. डीकंपायलरमधून, म्हणजे अशा फाइलवरून कोड परत मिळवणाऱ्या साधनातून, काढल्यावर मेथड आणि फील्डची नावं शाबूत मिळाली. मेथडच्या आतल्या चलांची नावं गेलेली होती, कारण डीबगची माहिती न ठेवता कंपाइल केलं की ती क्लास फाइलमध्ये लिहिलीच जात नाहीत. तशा वेळी पानातल्या पॅरामीटरची नावं कामाला येतात. “लांबी” नावाचा पॅरामीटर वाचून ज्या चलात ठेवलाय ती लांबी, आणि तिथून धागा धरून पुढे जायचं. मूळ प्रोग्रॅम चालवूनही पाहता येतो. जेडीके ८ मध्ये, म्हणजे जावाच्या साधनसंचाच्या आठव्या आवृत्तीत, ॲप्लेट चालवून दाखवणारा ॲप्लेटव्ह्यूअर आहे, ११ मध्ये तो काढून टाकलाय, म्हणून जुना जेडीके मुद्दाम जपून ठेवावा.

मूळ ॲप्लेटमध्ये एक थ्रेड, म्हणजे सतत चालणारा कामाचा धागा, होता. एक पायरी मोजायची, रिपेंट, म्हणजे पुन्हा चितारायला, सांगायचं, २० मिलिसेकंद झोपायचं. ऐकायला वाटतं की २० मिलिसेकंदांची झोप आणि ०.०२ ची पायरी जुळतात. पण त्या काळच्या विंडोजचं घड्याळ सुमारे १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी पुढे जाई, त्यामुळे २० ची झोप दोन टप्प्यांची, म्हणजे ३१ च्या आसपास होई. लोलक खऱ्यापेक्षा हळू, साधारण दोन-तृतीयांश वेगाने झुलत असे. तरीही उत्तर बरोबर येई, कारण ॲप्लेटच्या कोपऱ्यात स्वतःचं स्टॉपवॉच होतं आणि ते खरी वेळ पाहत नव्हतं. प्रत्येक पायरीला ते ०.०२ ने पुढे जाई. लोलक आणि घड्याळ दोन्ही एकाच काळात जगत होते. संगणक हळू असो की जलद, १० आंदोलनांना २०.०८ सेकंदच लागत.

नव्या आवृत्तीत ते स्टॉपवॉच गाळलं गेलं होतं, “आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आहे” या विचाराने. पडद्यावरचं ते एक छोटं खोकं काढल्याबरोबर मापनाचा पायाच गेला. मोबाइलने मोजल्यावर १० आंदोलनांना लॅबच्या संगणकावर १६.७ सेकंद, लॅपटॉपवर ७ आणि आयफोनवर ३३.५ लागत. मुलांनी अगदी हेच नोंदवलं होतं.

दुरुस्ती दोन्ही बाजूंनी केली: स्टॉपवॉच परत आणलं आणि लोलकाचा काळही खऱ्या काळाशी बांधला. रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम प्रत्येक हाकेत मिलिसेकंदांतला वेळ हातात देतो, तोच वापरायचा. संगणकाची तारीख-वेळ विचारत बसू नये, कारण ती मध्येच दुरुस्त होऊन मागेपुढे उडी मारू शकते. मागच्या हाकेपासून गेलेला वेळ एका ‘शिल्लक’ नावाच्या चलात जमा करायचा. शिल्लक ०.०२ किंवा जास्त असेल तोवर एकेक पायरी मोजायची आणि ०.०२ वजा करत जायचं. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर फ्रेम सुमारे ७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे लोलक जवळजवळ तीन फ्रेममधून एकदाच हलेल आणि धक्के दिसतील. त्यासाठी मागचा कोन आणि आताचा कोन दोन्ही जवळ ठेवायचे आणि शिल्लक भागिले ०.०२ या प्रमाणात त्यांच्या मधला कोन चितारायचा. हा मधला कोन फक्त चित्रासाठी असतो, हिशेबात तो शिरता कामा नये.

यात दोन खाचखळगे आहेत. पहिल्या हाकेला “मागचा वेळ” नसतोच. त्याची सोय केली नाही तर वजाबाकीतून नॅन, म्हणजे “संख्या नव्हे”, निघतं आणि ते शिलकीत शिरलं की शिल्लक पुन्हा कधीच ०.०२ च्या वर जात नाही. लोलक चितारलाच जात नाही आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये चूक दाखवणारी एक ओळही येत नाही. दुसरा खळगा असा: टॅब मागे गेला की ब्राउझर हाका थांबवतो. मूल दहा मिनिटांनी परत आलं तर ६०० सेकंद एकदम जमा होतात, म्हणजे ३०,००० पायऱ्या. म्हणून एका फ्रेममध्ये पाव सेकंदापेक्षा जास्त वेळ जमा होऊ द्यायचा नाही, आणि पान लपल्याची घटना ऐकून लोलक आणि स्टॉपवॉच दोन्ही थांबवायचे. मूळ ॲप्लेटच्या स्टॉप मेथडमध्ये नेमकं हेच होतं. पान सोडलं की ब्राउझर ती बोलावत असे. नव्या रूपांतरात तिच्या जोडीचं काही ठेवलेलं नव्हतं.

आता पायरीच्या आतल्या दोन ओळी. मुळात आधी कोनीय वेग बदलत होता आणि मग त्या नव्या वेगाने कोन. रूपांतर करणाऱ्याने हा क्रम जसाच्या तसा ठेवला होता, हे फार बरं झालं. या ओळी “नीटनेटक्या” करण्याचा मोह अनेकांना होतो: दोन्ही नव्या किमती जुन्या किमतींवरून काढायच्या आणि एकदम भरायच्या. तसं केलं तर प्रत्येक पायरीत आयाम (झोक्याचा सर्वांत मोठा कोन) ०.२ टक्क्यांच्या आसपास वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सेकंदाला ५० पायऱ्या होतात. २० सेकंदांत आयाम सुमारे सातपट होतो, ५ अंशांवर सोडलेला लोलक ३५ च्या घरात पोचतो. आधी वेग, मग कोन या क्रमात ऊर्जा किंचित वरखाली होते पण वाढत जात नाही, आणि आवर्तकालातली चूक ०.०२ टक्क्यांच्याही आत राहते. या दोन ओळींच्या वर मी ठळक टिप्पणी लिहून ठेवली.

आलेखातही एक दोष होता, तो कोणाच्या लक्षात आला नव्हता. लोलकाखाली कोन आणि काळ यांचा आलेख सरकत जातो. ४८० पिक्सेल रुंदी, ७२० नोंदींचा ॲरे (क्रमवार यादी), आणि कोणत्या पिक्सेलला कोणती नोंद हे काढायला “पिक्सेल गुणिले ३ भागिले २”. जावात पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तर पूर्णांकच, ३ भागिले २ म्हणजे १. जावास्क्रिप्टमध्ये १.५. दीडावी नोंद ॲरेत नसते, त्यामुळे अनडिफाइन्ड, म्हणजे “किंमत नाही”, मिळतं, त्याचा गुणाकार नॅन होतो, आणि कॅनव्हासला नॅन दिलं की तो ती रेघ मुकाट्याने वगळतो. हे त्याच्या नियमांतच आहे. प्रत्येक विषम पिक्सेल गळत होता आणि सम पिक्सेल एकमेकांना जोडले जात होते. डोळ्याला वक्र गुळगुळीत दिसे, पण तासलेल्या शिखरावरून आयाम वाचला तर कमी येई. जिथे जावात पूर्णांकांचा भागाकार आहे तिथे जावास्क्रिप्टमध्ये मॅथ-ट्रंक लावावं, ते अपूर्णांक नुसता कापून टाकतं. फ्लोअर (खालचा पूर्णांक) लावलं तर उणे बाजूला घोटाळा होतो: जावात उणे ७ भागिले २ म्हणजे उणे ३, फ्लोअर देतो उणे ४. मध्यरेषेखालचा आलेख मग जागोजागी एका पिक्सेलने सरकतो.

चितारण्यातले फरक सोपे असतात, पण ते माहीत हवेत. जावाचं ड्रॉ-ओव्हल गोळ्याभोवतीच्या चौकोनाचा डावा-वरचा कोपरा मागतं, कॅनव्हासचं आर्क केंद्र मागतं. गोळा त्रिज्येएवढा डावीकडे-वर दिसला की कारण हेच समजावं. एक पिक्सेल जाडीची उभी-आडवी रेघ कॅनव्हासवर पुसट येत असेल तर अर्ध्या पिक्सेलने सरकवावी. मोबाइलवर सगळंच धूसर दिसत असेल तर कॅनव्हासची आतली रुंदी-उंची पडद्याच्या पिक्सेल-गुणोत्तराने वाढवून, स्केल लावून, बाहेरचं माप स्टाइलमध्ये तेवढंच ठेवावं. मराठी लेबलं वेब-फाँटमध्ये असतील तर फाँट उतरल्याशिवाय पहिलं चित्र काढू नये. कॅनव्हासवर एकदा उमटलेली अक्षरं फाँट आल्यावर आपोआप बदलत नाहीत.

लोलक महाविद्यालयाच्या पानात आयफ्रेममधून, म्हणजे पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीतून, बसतो. आयफ्रेमला सँडबॉक्स, म्हणजे निर्बंधांचं कुंपण, लावून फक्त स्क्रिप्ट चालवायची मुभा दिली होती. तशी ती असावी, कारण या प्रोग्रॅमला पानातलं दुसरं काही लागत नाही. अशा चौकटीत लोकल-स्टोरेजला, म्हणजे ब्राउझरमधल्या साठ्याला, नुसता हात लावला तरी सुरक्षेचा अपवाद फेकला जातो, म्हणून शेवटची लांबी लक्षात ठेवण्याचा कोड काढून टाकला. चौकटीची उंची बाहेरच्या पानाला कळवायला पोस्ट-मेसेज ही निरोपाची सोय आहे, पण सँडबॉक्समधून आलेल्या निरोपाचा ओरिजिन, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता, “नल” असा येतो. पत्ता ताडून पाहणारी नेहमीची तपासणी तिथे नापास होते. बाहेरच्या पानाने निरोप आपल्याच आयफ्रेमच्या खिडकीतून आलाय का एवढं ताडायचं आणि आलेली उंची वाजवी संख्या आहे ना हे पाहायचं.

तपासणीसाठी तीन पडदे गोळा करायची गरज नसते. फ्रेमचं काम करणारं फंक्शन वेळ बाहेरून घेतं, तेव्हा त्याला लूपमधून खोटे वेळ द्यायचे: ३० हर्ट्झचे, ६० चे, १४४ चे, आणि मध्येच एक सेकंदाचा खंड पाडून एकदा. कोन उण्याकडून अधिककडे जाताना दर वेळी मोजायचं. खंड नसताना तिन्ही दरांना १० आंदोलनं २०.०८ सेकंदांत झाली. खंडाच्या वेळी खरी वेळ पाऊण सेकंदाने पुढे राहिली, पण आतल्या स्टॉपवॉचवर २०.०८ च.

मॅडमनी संध्याकाळी स्वतः मोजून पाहिलं आणि लगेच दुसरा प्रश्न विचारला: कोन ४० अंश ठेवला तर ‘जी’ ९.२ येतंय, अजून काही राहिलंय का? नाही, हे बरोबर आहे. मूळ लेखकाने सूत्रात कोनाऐवजी कोनाचा साइन वापरलाय, त्यामुळे पडद्यावरचा लोलकही खऱ्यासारखाच मोठ्या कोनाला रेंगाळतो: २० अंशांना १० आंदोलनांचे २०.२ सेकंद, ४० ना २०.७, ६० ना २१.५. आवर्तकालाचं पुस्तकातलं सूत्र लहान कोनापुरतंच असतं. मॅडमनी कोनाची पट्टी ६० अंशांपर्यंत खुली ठेवायला सांगितली आणि प्रात्यक्षिकात कोन व आवर्तकाल यांचा वेगळा तक्ता घातला.