शेवटची लोकल आणि २४ केल्विन

कळव्याला राहणाऱ्या माणसाने द्रव हेलियमच्या नादी लागू नये, हे माझं स्वानुभवाचं मत. १९९५ साली मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करत होते. फास्ट गाड्या तेव्हा कळव्याला थांबत नसत, त्यामुळे व्हीटीहून शेवटची स्लो चुकली की रात्र बाकावर.

माझ्या वाट्याला आला होता काळा, सुईसारखा एक स्फटिक. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. त्यावर केसाहून बारीक चार सोन्याच्या तारा कार्बनच्या पेस्टने चिकटवायला भिंगाखाली दोन दिवस गेले होते. हा बेकगार्ड क्षारांपैकी एक. कोपनहेगनचे रसायनशास्त्रज्ञ क्लाउस बेकगार्ड यांच्यावरून पडलेलं नाव. टीएमटीएसएफ नावाचे चपटे सेंद्रिय रेणू पोळ्यांच्या चवडीसारखे रचलेले आणि चवडींच्या मधे पर्क्लोरेटचे आयन. वीज मुख्यतः चवडीच्या दिशेने वाहते.

यात लोखंड नाही, निकेल नाही. लोखंड असलेल्या क्षारांत चुंबकत्व आलं तर मला आजही फारसं नवल वाटत नाही. इथे मात्र वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉनच आपले स्पिन, म्हणजे प्रत्येकाचं इवलंसं चुंबकत्व, वर-खाली असे लाटेत लावून घेतात आणि वाहणं सोडून देतात. हीच स्पिन घनता लहर. बेरीज शून्य, त्यामुळे टाचणीसुद्धा चिकटणार नाही. पर्क्लोरेटऐवजी हेक्साफ्लुओरोफॉस्फेट असेल तर ही लाट १२ केल्विनला, म्हणजे उणे २६१ अंश सेल्सियसला, येते. त्याच क्षारावर सुमारे १२ किलोबार, म्हणजे हवेच्या जवळपास बारा हजार पट, दाब देऊन फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ डेनी जेरोम यांच्या गटाने ०.९ केल्विनला अतिसंवाहकता, म्हणजे विजेला शून्य रोध, मिळवली, ते १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. सेंद्रिय पदार्थातली ती पहिली अतिसंवाहकता.

पर्क्लोरेटला दाब लागत नाही. सव्वा केल्विनच्या आसपास तो आपोआप अतिसंवाहक होतो. अट एकच, थंड करताना घाई नको. पर्क्लोरेटचा आयन चौफलकी असतो, त्याचं तोंड दोनपैकी एका बाजूला. २४ केल्विनला हे आयन एक रांग इकडे, पुढची तिकडे अशा शिस्तीत लागतात. त्या थंडीत वळायला त्यांना वेळ लागतो. तो दिला नाही तर तोंडं जिथे असतील तिथेच गोठतात, आणि मग पाच-सहा केल्विनला अतिसंवाहकतेऐवजी चुंबकी लाट येते. स्फटिक तोच, फरक फक्त वेगाचा.

हे सगळं मला पाठ होतं. गुरुवारी तरीही घाई केली. हेलियमच्या पिंपात नमुन्याची दांडी हळूहळू खाली सोडायची असते. द्रवाच्या वरची वाफ जसजसं खाली जावं तशी थंड होत जाते. ४० ते १० केल्विन हे अंतर मिनिटाला ०.१ केल्विनने, म्हणजे पाच तास. मी घड्याळ पाहिलं आणि दांडी खाली ढकलली. रोध छान उतरत आला, सहा केल्विनला वळला आणि वर निघाला. गाडी मिळाली.

सकाळी सरांना म्हटलं, “एखादी जोडणी सुटली असणार.”

“सुटली असती तर उडी दिसली असती. ही रेष किती गुळगुळीत चढली आहे बघ.” मग चष्मा काढून म्हणाले, “तुझी शेवटची गाडी कितीची असते गं?”

मी काही बोलले नाही.

त्याच रात्री तोच स्फटिक पुन्हा लावला. पेस्ट सुटली नव्हती, तडा गेला नव्हता, हे नशीबच. शेजारच्या काकूंकडे फोन करून आईला निरोप दिला. दांडीवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि एकेक खूण खाली सरकवत बसले. अडीचच्या सुमारास २४ केल्विन आलं. आलेखावर बारीकसा वाक दिसला, आयन शिस्तीत लागल्याची खूण. तेवढ्यासाठी किती तरी वेळ टक लावून बसले होते. सहा केल्विन आलं, रोध उतरतच होता. ४.२ ला सगळ्यांत कमी. अतिसंवाहकता बघायला अजून खाली जायचं होतं, त्याला दुसरं उपकरण आणि दुसरा आठवडा लागणार होता.

सकाळच्या लोकलने कळव्याला आले. फाटक बंद होतं, दहा मिनिटं तिथेच गेली. आईने दार उघडलं.

“काय झालं गं रात्रभर?”

“काही नाही. रोध उतरत राहिला.”

“उतरला ना? मग झोप आता,” ती म्हणाली, ताप उतरलेल्या माणसाला म्हणावं तसं.