आजची गारपीट

आज दुपारी गाडी चालवत असताना अचानक अंधारून आले आणि पाचच मिनिटांत टपावर खडे फेकल्यासारखा आवाज सुरू झाला. मी गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबवली, काचांकडे पाठ केली आणि डोक्यावर जाड जॅकेट ओढून घेतले. पुढची काच एका कोपऱ्यात तडकली, परंतु फुटली नाही.

नंतर खिडकीच्या फटीतून आत आलेली एक गार हातात घेतली, तेव्हा तिच्यात कांद्यासारखे पापुद्रे दिसले, काही दुधी तर काही काचेसारखे पारदर्शक. गडगडाटी ढगातील वर चढणारा जोरदार वारा गारेला उचलून धरतो आणि शून्य अंशाखाली असूनही न गोठलेले पाण्याचे थेंब तिच्यावर थरावर थर चढवत जातात. वजन पेलेनासे झाले की ती खाली कोसळते. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद परिसरात गारपिटीने २४६ जणांचा बळी घेतला होता, हे आठवून अंगावर काटा आला.

समोर दोघे जण झाडाखाली उभे होते, ते पाहून जीव कासावीस झाला. झाड गारा अडवत नाही, उलट फांदी मोडण्याचा आणि वीज पडण्याचा धोका वाढवते. कृपया पक्क्या छपराखाली जा, खिडक्यांपासून लांब राहा. गारा वेचायला मुलांना लगेच बाहेर सोडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर निदान ३० मिनिटे थांबा.