तात्यांची ठासणीची बंदूक माझ्या नावावर होईपर्यंत

तात्या, म्हणजे माझे वडील, गेले ते २०२३ च्या गणपतीआधी तीन आठवडे. तेराव्याचं जेवण उरकलं, पंगत उठली आणि आमचे पोलीस पाटील पडवीत येऊन टेकले. सुपारी कातरता कातरता हळूच म्हणाले, "बाय, ती भिंतीवरची आता घरात ठेवन चलाचा नाय. परवानो तात्यांच्या नावार होतो. ते गेले, परवानो गेलो."

ती भिंतीवरची म्हणजे ठासणीची एकनळी बंदूक. सरकारी कागदावर तिचं नाव 'एसबीएमएल', पुढे कारण 'शेतसंरक्षण'. नळीत वरून दारू ओतायची, नारळाच्या सोडणाचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, परत बोळा, परत ठासायचं, मागे ठिणगी पाडणारी केप बसवायची आणि मग घोडा ओढायचा. एक बार काढून दुसरा भरेस्तोवर डुक्कर शेजारच्या वाडीत पोचून तिथले कणगीचे कंद उकरायला लागलेलं असतं. माझ्या समजुतीप्रमाणे तात्यांनी एकतीस वर्षांत या बंदुकीने फक्त आवाज केला. पण त्या आवाजावर आमची केळी आणि भात उभं राहिलं, हेही खरं.

भाऊ डोंबिवलीला. "देऊन टाक ना पोलिसांत, कशाला डोक्याला ताप," असं त्याचं म्हणणं. घाटपायथ्याची सव्वादोन एकर जमीन मी कसते, रात्री शेतात माळ्यावर मी झोपते, म्हणून ताप माझ्याच डोक्याला. मी ठरवलं, बंदूक ठेवायची.

आधी ती जमा करायची होती. गोणपाटात गुंडाळली, सुंभाने तीन ठिकाणी बांधली आणि वाडीतल्या एकाच्या रिक्षात बसले. तो दोनदा मागे वळला. "भरलेली नाय मां, काकी?" तालुक्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा गोणपाटातून नळीचं टोक चार बोटं बाहेर आलं होतं. भाजीवाल्या बायका ओळखीच्या, एरवी हाक मारतात. त्या दिवशी कुणी हाक मारली नाही. एकीने पोराला जवळ ओढलं. माझ्या हातात काय आहे हे मला त्या क्षणी कळलं. घरात ती बंदूक म्हणजे कोयता-पंजासारखं अवजार. स्टँडवर तीच वस्तू वेगळी झाली होती.

ठाण्यात हवालदारांनी नळीवरचा नंबर बघायला घेतला, तर काजळीखाली नंबरच दिसेना. घासलेट मागवलं, मी सोडणाने घासत बसले. पाऊण तासाने चार आकडे उमटले, ते परवान्याशी जुळले आणि मला जमा पावती मिळाली. ही पावती लॅमिनेट करून ठेवा. पुढे जिथे जाल तिथे पहिल्यांदा तीच मागतात.

आता एक गोष्ट, जी मला आधी कुणी सांगितली असती तर पुढचं अर्धं रामायण टळलं असतं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलेलं असलं, तर तो हयातीतच ते घरातल्या वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज देऊ शकतो. तात्या अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आणि बंदूक एकतीस वर्षांची. दोन्ही अटी केव्हाच पुऱ्या झाल्या होत्या. गुडघ्यांमुळे शेवटची चार वर्षं त्यांनी ती खाली काढलीही नव्हती. ज्यांच्या घरी असे तात्या आहेत त्यांनी आजच बसून अर्ज लिहावा.

माझी फाईल मृत्यूनंतरची. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, भावाचं आणि बहिणीचं ना हरकत, सातबारा, आठ-अ, आधार, फोटो, वैद्यकीय प्रमाणपत्र, बंदूक हाताळता येते याचा दाखला, बंदूक कुलपात ठेवेन याची हमी. यातलं बहुतेक सरळ आहे, धावपळ तेवढी होते. वैद्यकीय मात्र लक्षात राहिलं. शरीर तपासलं, मग मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, झोप लागते का, राग येतो का, घरात कुणी दारू पितं का, अलीकडे जवळचं कुणी गेलं का. शेवटच्या प्रश्नावर माझे डोळे भरले. वाटलं, आता हे शेरा मारणार. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि सही केली. हा टप्पा फुकाचा आहे असं मला वाटत नाही. उलट, एवढं बारकाईने आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारलं.

जानेवारी २०२४ मध्ये फाईल दिली. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेतले कारकून चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाईच्या नावावर?" मी म्हटलं, डुकरं बाई-पुरुष बघून येत नाहीत. ते हसले. नंतर त्यांनीच मला कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो ते समजावून सांगितलं, म्हणून त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

पोलिसांच्या अहवालाला नियमात तीस दिवस आहेत. माझा अहवाल यायच्या आत १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि फाईल जिथे होती तिथे बसली. वाडीतल्या बाकीच्यांनाही बंदुका जमा करायचे निरोप आले. कुणाची बंदूक जमा करायची ते ठरवणाऱ्या छाननी समितीकडे सूट मागता येते, मागणारे मागतात, पण अर्जाचं उत्तर येईपर्यंत हंगाम निघून जातो. मार्च ते मे म्हणजे आमच्याकडे काजू, आंबा, फणस. वानरांना आचारसंहिता नसते. आमचं मतदान ७ मेला झालं, निकाल ४ जूनला, आणि बंदुका घरी येईपर्यंत पाऊस पडला होता. भात पोटरीतून बाहेर पडून पिकायला आलं, तर १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. परत सगळी वरात ठाण्यात. शेजारचे दाजी म्हणाले, "माझ्या बंदुकेन माझ्यापरास ठाण्यात जास्त दिवस काढले."

निवडणुकीत हत्यारं बाहेर नकोत, हे मला शंभर टक्के पटतं. पण कमरेला पिस्तूल लावून सभेत फिरणारा आणि एका बाराला दोन मिनिटं घेणारी आमची ठासणी एकाच मापाने का मोजायची, हे नाही पटत. बंदुका बाराही महिने बाळगणारे आम्ही, त्या जमा होतात नेमक्या पीक उभं असताना.

मधल्या काळात वनखात्याचा कागद हवा होता. वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवीन परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आगाऊ संमती लागते. आमच्या डोक्यावर घाटमाथा, तिकडे राधानगरी अभयारण्य. रस्त्याने जायचं तर घाट चढून वळसा घालून पाऊण दिवस, पण कायदा मोजतो ती सरळ रेषा. वनरक्षक मोबाईल घेऊन काजूच्या बागेत उभे राहिले, मी आपली त्यांच्या मागे. आकडा आला तो दहाच्या थोडा बाहेरचा. त्यांनी जाताना एक बजावलं: परवाना बंदूक बाळगण्याचा, जनावर मारण्याचा नाही. डुकराला गोळी घालायची तर आमची वेगळी परवानगी. हे गावात निम्म्या लोकांना ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते बोलत नाहीत.

याच दिवसांत आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महाभारत झालं. चुलत भावाचा मुलगा टेक्सासमध्ये ह्यूस्टनला असतो. माझी रखडलेली फाईल ऐकून त्याने लिहिलं, "आत्या, इकडे १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला पिस्तूल बाळगून फिरायला परवानाच लागत नाही. हक्क आहे तो. तिथे तुम्ही वर्षभर शिक्के मोजताय." त्याची बायको त्याच ग्रुपवर आहे. तिने खाली लिहिलं, "आणि आपल्या मुलीला बालवाडीत, कुणी बंदूक घेऊन घुसलं तर म्हणून, अंधार करून कोपऱ्यात गप्प बसायचा सराव करवतात, तेही सांग आत्यांना." त्यानंतर दोन दिवस दोघांपैकी कुणीच काही लिहिलं नाही.

गावातले निवृत्त मास्तर हे ऐकून म्हणाले, असं समजू नकोस की आपल्याकडे हा विचार कुणी केलाच नाही. १८७८ चा इंग्रजांचा शस्त्र कायदा युरोपियनांना मोकळीक देई आणि आपल्याला परवाने. म्हणून १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, नियमांच्या चौकटीत. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामथांनी तो मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. मग १९५९ चा कायदा आला, त्याच्यावर आपण चाललोय. मास्तरांना विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूचे? म्हणाले, "माझ्याकडे केळी नाहीत."

डिसेंबरात फाईल परत हलली, आणि त्याच महिन्यात बीडच्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. टीव्हीवर रोज पिस्तुलं नाचवणाऱ्यांचे व्हिडिओ, इतके परवाने कुणी वाटले याची चर्चा, परवाने रद्द करण्याचा धडाका. मला वाटलं, गेलं आपलं. जानेवारीत सुनावणीला बोलावलं तेव्हा साहेबांच्या टेबलावर माझी फाईल आणि तात्यांचं जुनं परवान्याचं पुस्तक. पुस्तकाच्या मागच्या पानांवर विक्रेत्याच्या नोंदी असतात: कुठल्या तारखेला किती दारू, किती केपा. साहेबांनी ती पानं एकेक करून उलटली. शेवटची नोंद २०१९ ची.

"मग २०१९ नंतर डुकरं नाही आली?"

मी म्हटलं, आली. डबे वाजवले, फटाके लावले, एक वर्ष सौर कुंपण केलं, त्याची बॅटरी पावसात गेली.

"मग बंदूक कशाला?"

पाठ करून गेलेलं उत्तर त्या वेळी आठवलंच नाही. खरं ते सांगितलं. रात्री एकटी माळ्यावर असते. फटाका पेटवायला काडी लागते आणि पावसात काडी पेटत नाही. आणि तात्या वरून ऐकतायत असं वाटतं. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. साहेब थोडा वेळ पुस्तकच बघत राहिले. मग विचारलं, शिकारीला कुणाला उसनी देणार? नाही म्हटलं. आमच्याच पंचक्रोशीत रात्री सशामागे गेलेला एक पोरगा सोबतच्याच्या छऱ्यांनी गेलाय, ती बंदूकही अशीच कुणाची तरी उसनी होती. तेही सांगितलं.

मार्च २०२५ मध्ये परवाना आला. नवीन परवान्यावर युनिक क्रमांक असतो, २०१९ च्या दुरुस्तीपासून मुदत पाच वर्षांची. अटी नीट वाचा, मी ठाण्याच्या बाकावर बसून वाचल्या. एक अट अशी: जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात शस्त्र नेता येणार नाही.

मालखान्यातून बंदूक बाहेर आली ती तांबूस होऊन. गज कुठे दिसेना, तो दुसऱ्याच कुणाच्या बंदुकीला बांधलेला सापडला. गोणपाट, सुंभ, तीच रिक्षा. गावाच्या तोंडाशी आलो आणि ढोल ऐकू आले. शिमग्याचे दिवस. पालखी मांडावरून निघून रस्त्यावर आलेली, पुढे नाचणारी पोरं, आणि आमच्या घराकडे जायचा तो एकच रस्ता. आता ही धार्मिक मिरवणूक आणि सार्वजनिक जमाव, दोन्ही एकदम. पलीकडे जिल्हा परिषदेची शाळाही.

रिक्षावाला म्हणाला, "काकी, गोणपाटात काय असा कोणाक कळताहा?" मी म्हटलं, मला कळतंय ना. बंदोबस्ताला एक कॉन्स्टेबल उभा होता. त्याला परवाना दाखवला. त्याने अट वाचली, पालखीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हातानेच खूण केली, थांबा तिथेच. वडाच्या अलीकडच्या चहाच्या टपरीत मी बंदूक आडवी मांडीवर घेऊन बसले. दीड तास. देव माझ्यासमोरून गेला आणि अठरा महिन्यांनी मिळालेला परवाना खिशात असून मला उठून ओटी भरता आली नाही. टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत, पण तो माझ्या बाकावरून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

घरी आल्यावर पुढचा प्रश्न. भिंतीवर आता टांगायची नाही, कुलपात ठेवायची हमी दिलेली. घरात कुलपाचं कपाट एकच, लोखंडी, आईचं. ठासणी त्यात उभी बसेना. मधले दोन कप्पे पान्याने सोडवून काढले तेव्हा बसली, तीही तिरकी. आईच्या साड्या आता ट्रंकेत आहेत, आणि कपाटाची चावी माझ्या गळ्यात.