‘आलाती’साठी सहा आठवडे

एका शब्दापायी माझे सहा आठवडे गेले. त्यातले पाच ग्रंथालयाने खाल्ले, हे आधीच सांगून टाकते.

मी जर्मनीत हित्ती शिकतेय, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका प्राचीन साम्राज्याची भाषा. सेमिनारला त्याची राजधानी हत्तुशात मातीच्या पाटीवर सापडलेला एका विधीचा मजकूर वाट्याला आला. मजकूर हित्ती, पण मध्येच इस्तानुवा गावच्या लोकांची गाणी येतात, ती लुवियनमध्ये, हित्तीच्या बहीणभाषेत. त्यातली ही ओळ: ‘आह्हा-ता-ता आलाती आविएंता विलुशाती’. आविएंता म्हणजे ‘आले’. विलुशा म्हणजे बहुधा ट्रॉय. उरला ‘आलाती’.

‘उंच गडावरून’ म्हणताना आपण प्रत्यय फक्त गडाला लावतो. लुवियनमध्ये संस्कृतसारखा तो विशेषणालाही लागतो, आणि ‘-अती’ हा तोच पंचमीचा प्रत्यय. म्हणजे ‘उंच विलुशाहून आले’. पण दोन्ही नामं धरली तर? ‘समुद्रावरून, कुरणातून आले’ असंही लावणारे आहेत, कारण शहराच्या नावाआधी घालतात ती खूण इथे नाही. ‘उंच’ हा अर्थ भाषाशास्त्रज्ञ कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांचा, 1986 सालचा. होमरही इलिऑसला, म्हणजे ट्रॉयला, उंच कड्यावरचं म्हणतो, हा त्यांचा आधार.

हाच शब्द दुसऱ्या एका पाटीवर आहे: ‘आलाती... माणूस आविता’, माणूस आला, आणि पुढे पाटी फुटलेली! तिथे वॉटकिन्सनी ‘विलुशाती’ भरून घेतलंय. फुटलेल्या जागेत तेवढी अक्षरं मावतात का, हे बघायला पाट्यांच्या हाताने काढलेल्या नकलांचा खंड हवा होता.

कॅटलॉग म्हणे, पुस्तक शेल्फवर आहे. शेल्फवर नव्हतं. बाहेरून मागवायचा फॉर्म भरला, तर आठवड्याने परत: ‘हे पुस्तक आपल्याकडे आहे.’ पुन्हा गेले. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, हरवलंय असं नोंदवा. नोंदवलं. हरवलेलं शोधायला तीन आठवडे देतात, तोवर बाहेरून मागवता येत नाही. मी रोज जाऊन त्याच रिकाम्या फटीकडे बघून यायचे. शेवटी एका विद्यार्थी मदतनिसाने सहज विचारलं, ‘मोठ्या आकाराचं आहे का?’ खंड खालच्या मजल्यावर, नकाशांच्या कपाटात आडवा पडला होता. कोणी सॉरी म्हटलं नाही.

हां, आणि हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं: माइन्त्सच्या हित्ती पोर्टलवर बऱ्याच पाट्यांचे फोटो फुकट बघता येतात. आधी तिथे जा. शिकागोचा जाडजूड हित्ती कोश ‘अ’साठी उघडू नका, तो ‘एल’पासून सुरू झालाय. लुवियनसाठी लारोशचा 1959 चा आणि मेल्चर्टचा 1993 चा कोश धरा.

फुटलेली जागा मोजली. शब्द मावतो. पण मावतो म्हणून तोच होता असं कुठे ठरतं? मी ‘उंच (?)’ असं लिहून दिलं. प्राध्यापिकाबाईंनी बरोबरची खूण केली, ती नेमकी प्रश्नचिन्हावर.