तेवीस प्रश्न, दोन पेनं

लेक नऊ वर्षांचा आहे आणि त्याला टाइप १ मधुमेह आहे. रोज चार वेळा इन्सुलिन, बोटं टोचून टोचून खरबरीत झालेली. तपासणीला गेलं की सगळ्यांचे डोळे एकाच आकड्यावर असतात: एचबीएवनसी, आमच्या घरच्या भाषेत ‘तीन महिन्यांची साखर’. मागच्या खेपेला ती ८.९ वरून ७.६ वर आली होती. मी जाम खुशीत होते.

नंबरची वाट बघत असताना संशोधनाचं काम करणाऱ्या एका ताईंनी दोन फॉर्म पुढे केले, एक त्याला आणि एक मला. नाव पेड्सक्यूएल. अमेरिकेतल्या जेम्स वार्नी यांनी तयार केलेली ही प्रश्नावली. एकूण २३ प्रश्न: शरीराचे ८, मनाचे ५, मित्रमंडळींचे ५ आणि शाळेचे ५. गेल्या महिनाभरात कशाचा किती त्रास झाला, एवढंच सांगायचं.

“याला काय कळणार? मीच भरते ना दोन्ही,” मी म्हटलं. ताई हसल्या. पाच वर्षांची मुलंही भरतात म्हणे, त्यांना फक्त चेहरे दाखवतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. तरी मी त्याच्या कागदात डोकावलेच. मग त्यांनी माझी खुर्ची उचलून चक्क भिंतीपाशी नेली.

गुणांचा हिशोब मला आधी उलटाच वाटला. ‘कधीच नाही’ला १००, पुढे ७५, ५०, २५ आणि ‘जवळजवळ नेहमीच’ला शून्य. म्हणजे जितके गुण जास्त, तितकं मूल मजेत.

त्याला विचारून, तो ‘हो’ म्हणाल्यावरच डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मनाच्या प्रश्नांत मी त्याला ५० दिले होते, त्याने स्वतःला ८५. पुढं कसं होईल ही काळजी माझी होती, मी ती त्याच्या नावावर टाकली होती. मित्रमंडळींत मात्र उलटं. माझे ९०, त्याचे ६०. ‘इतर मुलं चिडवतात’ यापुढे त्याने ‘बऱ्याचदा’वर खूण केली होती, तीही पेन दाबून.

“काय म्हणतात रे?”

“शुगर-फ्री.” मग जरा थांबून, “डबा खायच्या आधी सुई घेतो ना, तेव्हा सगळे बघायला येतात.”

मला वाटत होतं, वर्गातच सुई घेतो म्हणजे किती धीट पोरगा! बाईंशी बोलले. आता तो मधल्या सुट्टीआधी पाच मिनिटं स्टाफरूममध्ये जातो. मुलांना काही समजवायला मी जाणार होते, पण त्यानेच नको म्हटलं.

या वेळी पुन्हा फॉर्म भरले. चिडवण्यापुढची त्याची खूण ‘कधीकधी’वर आली, मित्रमंडळींचे गुण ६० वरून ६५. मी ७० दिले होते. तीन महिन्यांची साखर मात्र ७.९ झाली, त्यावरून घरी येईपर्यंत आमचं भांडण चालू होतं.