हे 124 रुपये कशाचे कापता?

2023 सालच्या गौरी-गणपतीच्या आधीचा आठवडा. त्या दिवसांत आमच्या टाइम ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. कुणाला उचल हवी असते, कुणाला गावी जायला सुट्टी, कुणाची हजेरी चुकलेली असते. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना आहे. प्रेस शॉप आणि वेल्डिंग धरून दीडशेच्या आत माणसं. हजेरी, पगारपत्रक, पीएफ, ईएसआय म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, हे सगळं मी बघते.

पावणेतीनला दुसऱ्या पाळीची माणसं पंच करायला लागली तेवढ्यात गेटवरून वॉचमनचा फोन आला. "मॅडम, ते ऑगस्टात गेले ना, त्यांच्या घरची माणसं आलीत."

तीन जणं होती. जिंतूर तालुक्यातून रात्रीच्या गाडीनं आलेले म्हातारे वडील, त्याची बायको आणि सहा वर्षांची मुलगी. मुलगी खुर्चीवर बसायला तयार नव्हती, आईच्या पदराला धरून उभी होती. प्रेसवर चार वर्षं काम केलेला माणूस. 12 ऑगस्टच्या रात्री पुणे-नाशिक रस्त्यावर चिंबळी फाट्याजवळ त्याच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं. आम्ही कंपनीत दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली, वर्गणी काढून गावी पाठवली आणि पोर्टलवर त्याच्या नावापुढं काम सोडल्याचं कारण भरलं. माझ्या लेखी फक्त शेवटचा हिशेब राहिला होता.

ती माणसं तोच घ्यायला आली होती. अकरा दिवसांचा पगार, आणि लॉकरमध्ये राहिलेले बूट.

मी व्हाउचर पुढं केलं. अकरा दिवसांचे 5,855 रुपये, पीएफचे 554 वजा, ईएसआयचे 44 वजा, हातात 5,257. तिनं सही करण्याआधी कागद नीट वाचला. वाचता येतं तिला, दहावीपर्यंत शिकलेली आहे. मग बोट ठेवून विचारलं, "ताई, हे 44 रुपये कशाचे कापले?"

हाच प्रश्न तिचा नवरा मला विचारायचा. त्याचा महिन्याचा पगार 16,500 होता, त्याचा पाऊण टक्का म्हणजे 124 रुपये दर महिन्याला जायचे. "मॅडम, दवाखान्यात तर आपण जातच नाही, मग हे 124 रुपये कशाचे कापता?" आणि मी सगळ्यांना द्यायचे तेच उत्तर त्यालाही द्यायचे: सरकारचं असतं ते, सगळ्यांचंच कापतात.

त्या दुपारी ते वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडेना. माणूस मातीत गेला तरी त्याच्या नावानं आम्ही 44 रुपये कापले होते, आणि त्याच्या बदल्यात त्याला काय मिळणार होतं हे मी त्याला चार वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं.

मी तिला विचारलं, "त्या रात्री ते कुठं निघाले होते?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "कुठं म्हंजे? कामावरच की. तिसरी पाळी होती. डबा मीच भरून दिला."

दोन वर्षांपूर्वी एका कार्यशाळेला कंपनीनं मला पाठवलं होतं. ईएसआयमधून निवृत्त झालेले एक अधिकारी तिथं बोलले होते. त्यांचं बहुतेक विसरले होते, पण डायरीत एक ओळ लिहून ठेवल्याचं आठवत होतं. तिघांना चहा सांगितला आणि कपाटातून डायरी शोधून काढली. ओळ होती: "घर ते काम, काम ते घर, रस्त्यातला अपघात पण चालतो. कलम 51-ई. 2010 ची दुरुस्ती."

म्हणजे कामगार घरून ड्युटीला निघाला आणि वाटेत अपघात झाला, तर वेळ, जागा आणि कामाचा संबंध दाखवता आला की तो कामावरचाच अपघात धरला जातो. कामावरच्या अपघातात माणूस गेला, तर ईएसआय त्याच्या कुटुंबाला दर महिन्याला पैसे देतं. मी त्याचा अपघाताचा अहवाल, म्हणजे फॉर्म 12, भरलेलाच नव्हता. अपघात गेटच्या बाहेर झाला म्हणजे आपला नाही, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांनी न बोलता धरून टाकलं होतं.

मी फाइल काढली आणि तिथं आणखी एक गोष्ट समोर आली. कामगार रुजू झाला की ईएसआयच्या पोर्टलवरून त्याचं ई-पहचान कार्ड निघतं. ते छापून, कुटुंबाचा फोटो लावून त्याच्या हातात द्यायचं असतं. आमच्या फाइलमध्ये अशी साठेक कार्डं एकावर एक लावलेली होती. छापलेली, पण न दिलेली. त्याचंही होतं. कुटुंबाच्या रकान्यात आई आणि वडील. लग्न नोकरीच्या आधीचं, मुलगी आधीची, तरी दोघींची नावं नव्हती. रुजू होताना घाईघाईत कुणी तरी फॉर्म भरला असणार. ते अक्षर माझंच होतं.

मी मॅनेजरसाहेबांकडं गेले. त्यांना माणूस म्हणून वाईट वाटत होतं, यात शंका नाही, पण पहिलं वाक्य तेच आलं: "कंपनीवर येईल ना हे? इन्स्पेक्शन लागेल." मी सांगितलं की उलट आहे. ईएसआय लागू असलेल्या कामगाराची भरपाई ईएसआय देतं, कंपनीला वेगळी द्यावी लागत नाही. हे त्यांनाही नवीन होतं. पंधरा-वीस वर्षं कारखाना चालवणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल, तर प्रेसवर उभं राहणाऱ्या पोराला कुठून ठाऊक असणार? साहेब थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "भरा. आजच भरा."

आता संबंध दाखवायचा होता. त्या आठवड्याचा पाळ्यांचा तक्ता माझ्याकडं होता, तिसरी पाळी रात्री 11 ची. राहायला मोशीत, म्हणजे चिंबळी फाटा वाटेतच. पण तो रजा टाकून दुसरीकडंच कुठं तरी चालला नव्हता कशावरून, असं कुणी विचारलं तर? म्हाताऱ्या वडिलांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले. पोलिसांनी दिलेले, त्यांनी उघडूनही न पाहिलेले. मी पंचनामा वाचत गेले. वेळ सुमारे 10.20. मोटरसायकल चाकणच्या दिशेनं जात असताना. आणि खाली, मिळालेल्या वस्तूंमध्ये: कंपनीचं ओळखपत्र, आणि एक तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, आत भाकरी व भाजी.

मी ते मोठ्यानं वाचलं नसतं तर बरं झालं असतं. तिनं तोंडाला पदर लावला. कितीतरी वेळ आम्ही कुणीच काही बोललो नाही. पण तो त्या रात्री ड्युटीलाच निघाला होता, याला त्या डब्यापेक्षा मोठा पुरावा मला मिळाला नसता.

मग मी कोऱ्या कागदावर मराठीत लिहून तिला हिशेब दाखवला. रोजचा सरासरी पगार 550, त्याचे 90 टक्के म्हणजे 495 रुपये रोज. त्यातले पाचातले तीन वाटे बायकोचे, 297. दोन वाटे मुलीचे, 198. बायकोला हयातभर, किंवा दुसरं लग्न करेपर्यंत. मुलीला तिचं लग्न होईपर्यंत. अंत्यविधीच्या खर्चाचे 15,000 वेगळे, पण त्याचा अर्ज मृत्यूपासून तीन महिन्यांच्या आत करावा लागतो. त्यातला महिना उलटून गेला होता.

ती मला म्हणाली, "रोजचे? महिन्याचे नाही, रोजचे?"

पीएफकडं आणखी एक मोठी गोष्ट पडून होती. पीएफच्या खात्याला एक विमा जोडलेला असतो, 1976 पासून. त्याचा हप्ता कंपनी भरते. कामगाराच्या पगारातून त्यासाठी एक रुपयाही जात नाही, म्हणून पे-स्लिपवर तो दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याबद्दल कुणी विचारत नाही. 124 रुपयांबद्दल निदान तो दर महिन्याला विचारायचा तरी. गेल्या बारा महिन्यांचा सरासरी पीएफ-पगार, त्याच्या 35 पट, अधिक खात्यातल्या सरासरी शिल्लकीच्या निम्मे. त्याचा मूळ पगार आणि डीए, म्हणजे महागाई भत्ता, मिळून 13,000, सरासरी शिल्लक 72,000. बेरीज 4,91,000. शिवाय खात्यातली जमा, विधवा पेन्शन आणि मुलीची पेन्शन. ही तिघं फक्त 5,257 रुपये घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होती.

तेवढ्यात वडिलांनी विचारलंच. "बाई, अन् आमचं?"

अवघड होतं ते. बायको-मुलं असताना ईएसआयचे पैसे आई-वडिलांना मिळत नाहीत. आई विधवा असेल तर गोष्ट वेगळी. मी खरं तेच सांगितलं. पण पीएफवर त्यानं नॉमिनेशन केलेलंच नव्हतं, आणि नॉमिनेशन नसेल तर जमा आणि विमा कुटुंबात सारखे वाटले जातात, त्यात त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही येतात. म्हाताऱ्यानं सुनेकडं बघितलं. ती म्हणाली, "आबा, वाटंल ते सारखंच वाटंल." मला त्या वाक्याचा फार आधार वाटला.

त्यांची गाडी चुकली. रात्री माझ्या मावशीकडं राजगुरुनगरला राहिली तिघं.

त्यानंतरचे पाच महिने खेटे घालण्यात गेले. एका कार्यालयात मुलीच्या आधारवरच्या नावात काना नाही म्हणून कागद परत आला, दुसरीकडं विवाह नोंदणीचा दाखला मागितला, जो नव्हता. तिला जिंतूरहून दोनदा यावं लागलं. पैसे मात्र आले. आधी पीएफचा विमा, फेब्रुवारीत ईएसआयची पहिली रक्कम, मागच्या थकबाकीसह.

त्या काळात मला जुनं बरंच काही आठवत राहिलं. प्रेसवरच्या एका हेल्परचं बोट फाटलं होतं, सहा टाके. चौथ्या दिवशी तो बँडेज बांधलेला हात घेऊन कामावर आला, कारण खाडा झाला तर घरभाडं निघणार नाही असं म्हणाला. मी त्याची हजेरी लावली. कामावर इजा झाल्यावर डॉक्टर फिट म्हणेपर्यंत 90 टक्के मजुरी मिळते, आणि त्यासाठी आधी किती महिने वर्गणी भरली हेही बघत नाहीत. त्याला हे माहीत असतं तर तो घरी थांबला असता. मला माहीत असतं तर मी त्याला परत पाठवलं असतं. पीएफ कार्यालय दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर घेतं. त्याचे मेल माझ्या कॉम्प्युटरवर यायचे आणि तिथंच राहायचे. सरकारनं माहिती दडवलेली नाही, एवढं मी आता म्हणेन. ती इंग्रजीत येते, कंपनीच्या नावानं येते, आणि ज्याच्या पगारातून कापलं जातं त्याच्या दारापर्यंत पोचवायचं काम कुणाचंच ठरलेलं नाही. आमच्याकडं ते आता मी माझं ठरवलंय.

ती साठ कार्डं मी एकेकाला बोलावून दिली. ईएसआय आणि पीएफमधून काय मिळतं, त्याच्या मराठीत आठ ओळी पे-स्लिपच्या मागं छापतो. नवीन पोरगा रुजू झाला की त्याचा नंबर घेतल्यावर घरच्या एका बाईमाणसाचा नंबर मागते, आई असो, बायको असो, आणि त्या आठ ओळी तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. कारण गरज पडेल तेव्हा विचारायला तो नसेल, ती असेल.

गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. तिच्या बहिणीचा नवरा रांजणगावला एका कारखान्यात ठेकेदाराकडं लागलाय. "ताई, त्याच्या पगारातून 98 रुपये कापतेत. मी बहिणीला म्हणलं, ते कार्ड दाखव. त्याच्यावर तिचं नावच नाही. काय काय कागद लागतील?"

मी सांगायला लागले आणि ती म्हणाली, "थांबा, पेन घेते."