आवाजाला खरखर चढवताना: माझा अनुभव

एका गाण्याच्या मिक्सिंगमध्ये ध्रुवपदात वाद्यं वाढली की गायिकेचा आवाज मागे पडत होता. फेडर (पातळीची सरकपट्टी) वर नेला की तो गाण्यातून सुटा वाटे. आवाज मोठा नको, दाट हवा होता, म्हणून डिस्टॉर्शन, म्हणजे लहर मोडून आवाजाला खरखर आणणारा परिणाम, घ्यायचं ठरवलं.

मूळ ट्रॅकला हात लावला नाही. त्याची प्रत (सेंड) ऑक्स नावाच्या वेगळ्या समांतर वाहिनीवर घेऊन सगळी मोडतोड तिथेच केली. शब्द स्वच्छ ट्रॅकनं सांभाळायचे, खरखर खालून मिसळायची.

डिस्टॉर्शन गोड लागतं की कर्कश, हे त्याच्या आधी काय लावलंय यावर ठरतं, असं माझं ठाम मत आहे. गाण्यात 'स्पर्श' हा शब्द होता. ड्राइव्ह (डिस्टॉर्शनची मात्रा) वाढवला की त्यातले 'स' आणि 'श' दोन्ही फसफसून कानाला टोचायचे. म्हणून ऑक्सवर सर्वांत आधी डी-एसर ('स', 'श'चे टोचरे आवाज दाबणारं साधन) लावला, तोही मूळ ट्रॅकवर कधी लावणार नाही इतका कडक. मग 200 हर्ट्झखालचं कापलं, नाहीतर ड्राइव्ह त्या घुमण्यावरच खर्च होतो. त्यानंतर कॉम्प्रेसर, म्हणजे मोठ्या आणि हळू आवाजांतला फरक कमी करणारं साधन. डिस्टॉर्शन पातळीप्रमाणे वागतं. हळू म्हटलेली ओळ कोरीच राहते आणि तार सप्तकातली फाटते. दोन्ही एका उंचीवर आणल्या की खरखर सलग लागते.

प्रकार निवडताना मजा आली. डिस्टॉर्शन ध्वनिलहरीची टोकं कापतं. लहरीच्या दोन्ही बाजू सारख्या कापल्या की विषम हार्मोनिक (मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट अशा कंपनसंख्येचे स्वर) येतात. त्यातला तिसरा म्हणजे मध्य सा धरला तर तार सप्तकातला पंचम. एकच बाजू जास्त कापली की दुसरा हार्मोनिकही मिसळतो, म्हणजे तार सा. या आवाजाला हा दुसरा प्रकार शोभला, ऊब आली. पाठीमागच्या साथगायनाचे सूर मात्र एकत्र डिस्टॉर्ट करायचे नाहीत. दोन स्वर एकाच क्लिपरमधून (लहर कापणाऱ्या साधनातून) गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे, बेसूर स्वर तयार होतात. प्रत्येक ट्रॅकला वेगळं डिस्टॉर्शन लावलं.

सेशन 44.1 किलोहर्ट्झवर (सेकंदाला 44,100 नमुने) होतं, म्हणून ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे डिस्टॉर्शनपुरती नमुन्यांची संख्या वाढवणं, चालू केलं. नाहीतर त्याच्या निम्म्या, म्हणजे 22.05 किलोहर्ट्झच्या वरचे हार्मोनिक उलटे खाली येतात आणि काचेसारखी किरकिर ऐकू येते. शेवटी 6 किलोहर्ट्झच्या वरचं कापलं.

ऑक्सचा फेडर कुठे थांबवायचा? चालू असताना खरखर वेगळी कळू नये आणि म्यूट केल्यावर आवाज एकदम बारीक वाटावा, तिथे. कडव्यात त्याहून खाली ठेवला आणि श्वासांच्या जागी ऑटोमेशननं (आधी नोंदवून ठेवलेल्या फेडरच्या हालचालीनं) पूर्ण बंद केला, कारण कॉम्प्रेसरनंतर श्वासही शब्दांइतकेच जोरात येत होते.